‘ऑपोजिट नंबर’चं मराठी कोण बरोबर करतं? सांगली-मिरजेतल्या भाषांतर सेवांची परीक्षा

इंग्रजी पत्राचं किंवा कराराचं मराठी करून घ्यायचं असेल तर सांगली-मिरजेत आज तीन वाटा आहेत. एक खिशातला फोन. दुसरी, विजयनगरला कचेऱ्यांच्या आसपास असणारी टंकलेखन आणि भाषांतराची दुकानं. तिसरी, घरून काम करणारे भाषांतरकार, ज्यांत निवृत्त शिक्षक आणि प्राध्यापक बरेच सापडतात. तिन्हींचा वेग वेगळा, दर वेगळे आणि चुकांची तऱ्हाही वेगळी. काम सोपवण्याआधी पारख करायला दहा पानांचा नमुना तपासायची गरज नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, आणि या कामातलं शीत म्हणजे ‘ऑपोजिट नंबर’ हा इंग्रजी वाक्प्रचार. तो असलेली तीन-चार वाक्यं पुढं ठेवावीत. बाकीचं काम कसं होणार याचा अंदाज तिथंच येतो.

आधी अर्थ. ऑपोजिट म्हणजे समोरचा आणि नंबर म्हणजे क्रमांक, पण दोन्ही एकत्र आले की तो माणूस होतो. दुसऱ्या संस्थेत, दुसऱ्या खात्यात किंवा दुसऱ्या संघात आपल्याच जागेवर असलेला माणूस. एका साखर कारखान्याच्या चीफ केमिस्टचा ऑपोजिट नंबर म्हणजे दुसऱ्या कारखान्याचा चीफ केमिस्ट. सांगली बाजार समितीच्या सचिवांचा ऑपोजिट नंबर म्हणजे दुसऱ्या समितीचे सचिव. तिथले सभापती नव्हेत, कारण सभापती निवडून येतात आणि सचिव पगारी नोकर असतात. हा वाक्प्रचार छापील इंग्रजीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतो. त्याचं मूळ जहाजावरच्या पाळ्यांत असल्याचं सांगितलं जातं. खलाशांच्या दोन पाळ्या, डावी आणि उजवी. प्रत्येक खलाशाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाचं ठरलेलं काम. समोरच्या पाळीत तोच क्रमांक ज्याचा, तो आपला ऑपोजिट नंबर. म्हणजे नंबर आला तो इथून, आणि ‘ऑपोजिट’मध्ये भांडण, स्पर्धा किंवा विरोध यांचा लवलेश नाही. दोघं एकच काम करतात, एकाच जहाजावर.

मराठीत या नात्याच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ते व्याह्याचं नातं. मुलीचा बाप मुलाच्या बापाचा व्याही, आणि मुलाचा बाप मुलीच्या बापाचा व्याही. नातं दोन्हीकडून सारखं, जागा सारखी, घरं वेगळी. ऑपोजिट नंबरमध्ये हीच तीन कलमं आहेत: दुतर्फी नातं, एकच हुद्दा, दुसरं घर. भाषांतरात यातलं एक जरी कलम गळलं तरी अर्थ बिघडतो. पत्रात अर्थातच ‘व्याही’ लिहायचं नाही, पण भाषांतर तपासताना हे नातं मनात ठेवलं की चूक लगेच डोळ्यांवर येते.

छापील मराठीत यासाठी ‘समपदस्थ’ हा शब्द चांगला रुळलेला आहे. परराष्ट्रमंत्री दुसऱ्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांना भेटले की वर्तमानपत्रं तोच वापरतात. सम, पद आणि स्थ अशी त्याची फोड आहे, म्हणजे सारख्या पदावर असलेला. स्त्री असो वा पुरुष, शब्द बदलत नाही, ही त्याची मोठी सोय. ‘समकक्ष’ त्याचा भाऊ दिसतो पण सख्खा नव्हे. ‘पदवी किंवा समकक्ष अर्हता’ म्हणताना फक्त दर्जा सारखा असतो, काम सारखं असेलच असं नाही. ‘सहकारी’ तर साफ चूक, कारण सहकारी आपल्याच कचेरीतला. शिवाय सांगली जिल्ह्यात ‘सहकारी’ म्हटलं की डोळ्यांसमोर कारखाना आणि दूध संघ उभा राहतो.

आता फोन. साध्या भाषांतर ॲपला एकटा वाक्प्रचार दिला तर ‘विरुद्ध संख्या’ किंवा ‘विरुद्ध क्रमांक’ असं काहीतरी हाती येतं. कारण सरळ आहे. शाळेच्या गणितात अधिक पाच आणि उणे पाच या एकमेकींच्या विरुद्ध संख्या, आणि इंग्रजी गणितातही त्यांना ऑपोजिट नंबर्स म्हणतात. यंत्राला दोन अर्थांपैकी कुठला हवा ते कळायला आजूबाजूचं वाक्य लागतं. ते नसेल तर यंत्र गणिताकडे झुकतं. खरा घोटाळा होतो तो अर्धवट वाक्यात. ‘प्लीज कॉन्टॅक्ट युअर ऑपोजिट नंबर’ या ओळीचं ‘कृपया तुमच्या विरुद्ध नंबरवर संपर्क साधा’ असं झालं, की वाचणारा पत्रात दूरध्वनी क्रमांक शोधू लागतो. तो सापडत नाही. मग पत्र अपुरं आहे असं समजून उलट टपाली नंबर मागवतो. ‘संपर्क’ आणि ‘नंबर’ हे शब्द मराठीत शेजारी आले की मन फोनकडेच जातं, त्यामुळं वाक्य शुद्ध दिसूनही पूर्ण चुकतं. अशुद्ध वाक्य निदान शंका तरी उत्पन्न करतं. हे करत नाही, म्हणून ते जास्त घातक.

अलीकडची संवादी ॲप याच कामात पुष्कळ सरस आहेत. पूर्ण पत्र, वरच्या मायन्यापासून तळच्या सहीपर्यंत, एकदम दिलं तर ती बहुधा अर्थ पकडतात. पण एक खोड तिथंही राहते, ती सर्वनामाची. इंग्रजीतलं ‘हिज ऑपोजिट नंबर’ मराठीत ‘त्याचा समपदस्थ’ किंवा ‘त्यांचे समपदस्थ’ होऊन येतं. मराठीत कर्त्याचंच काही सांगायचं असेल तर ‘आपला’ लागतो. ‘व्यवस्थापकांनी त्यांच्या समपदस्थांशी चर्चा केली’ यात ‘त्यांच्या’ म्हणजे कुणाच्या? व्यवस्थापकांच्या की आधीच्या वाक्यातल्या अध्यक्षांच्या? ‘व्यवस्थापकांनी आपल्या समपदस्थांशी चर्चा केली’ म्हटलं की प्रश्न मिटतो. फोनवरून आलेल्या मजकुरात ‘त्यांच्या’ आणि ‘त्याच्या’ शोधून प्रत्येक ठिकाणी ‘आपल्या’ बसतं का ते बघावं. पानामागं पाच मिनिटं लागतात, आणि मजकूर निम्म्यानं सुधारतो.

फोनबद्दल निकाल असा: आलेलं पत्र काय म्हणतंय एवढं स्वतःला कळून घ्यायला उत्तम. सही करून बाहेर पाठवायच्या कागदाला एकट्या फोनवर विसंबू नये.

विजयनगरच्या दुकानांकडे सांगलीतलं बरंच काम जातं, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर. त्यांचं बळ आणि त्यांचं दुबळेपण एकाच ठिकाणाहून येतं: कोर्ट आणि महसूल. सात-बारा, फेरफार, मौजे, गट नंबर, चतुःसीमा, सबब, उपरोक्त ही भाषा तिथं हातात बसलेली असते. इंग्रजी खरेदीखताचं किंवा मृत्युपत्राचं मराठी तिथं करून घ्यावं, दुसरीकडे जाऊ नये. मिळकतीचं वर्णन, साक्षीदारांची कलमं, दिनांक आणि मुद्रांकाचा तपशील यांत ही माणसं क्वचितच चुकतात. भाषांतराखाली ‘मूळ प्रतीबरहुकूम’ असा दाखला, सही आणि तारीख लागत असेल तर तेही ती न सांगता घालतात.

पण व्यापारी पत्र पुढं आलं की कोर्टाची सवय आड येते. कोर्टात दोनच बाजू असतात. ग्राहक आयोगाच्या इंग्रजी कागदांत दुसऱ्या बाजूला ‘ऑपोजिट पार्टी’ म्हणतात, आणि त्याचं मराठी ‘सामनेवाले’ किंवा ‘जाबदार’ असं ठरलेलं आहे. दिवसभर ‘ऑपोजिट पार्टी’ टाइप करणाऱ्या माणसासमोर ‘ऑपोजिट नंबर’ आलं, की बोटं आपोआप ‘सामनेवाले’कडे वळतात. ‘आमच्या विक्री व्यवस्थापकांनी सामनेवाले यांच्याशी बोलणी केली’ असं पत्र हळदीच्या खरेदीदाराला गेलं तर त्याला वाटणार, प्रकरण कोर्टात गेलं की काय. ‘विरोधक’, ‘प्रतिस्पर्धी’ आणि ‘विरुद्ध पक्ष’ ही याच घराण्यातली पोरं. मार्केट यार्डात लोक ‘समोरची पार्टी’ म्हणतात ते चालतं, पण त्याचा अर्थ सौद्यातली दुसरी बाजू एवढाच. त्यात हुद्दा येत नाही. समोरच्या पार्टीचा मालकही समोरची पार्टीच, आणि मुनीमही समोरची पार्टीच.

दुकानात द्यायला चाचणीचं वाक्य हवं असेल तर हे द्यावं: ‘माय ऑपोजिट नंबर इन युअर जयपूर ऑफिस हॅज ॲग्रीड टु द रिव्हाइज्ड डिस्पॅच डेट.’ कच्चा भाषांतरकार लिहितो, ‘तुमच्या जयपूर कार्यालयातील माझ्या विरोधकाने सुधारित तारखेस संमती दिली आहे.’ बरा लिहितो, ‘माझ्या समपदस्थाने’. पक्का भाषांतरकार लिहायच्या आधी एक प्रश्न विचारतो: पत्राखाली सही कुणाची? तिथं ‘डिस्पॅच मॅनेजर’ असेल तर तो लिहितो, ‘तुमच्या जयपूर कार्यालयातील पाठवणी व्यवस्थापकांनी पाठवणीची सुधारित तारीख मान्य केली आहे.’ वाक्यात वाक्प्रचार उरलेलाच नाही, आणि हेच सगळ्यात चांगलं भाषांतर. मराठी वाचकाला हुद्दा सांगितला की माणूस कळतो. ‘समपदस्थ’ सांगितलं तर त्याला वर जाऊन कुणाचा समपदस्थ ते शोधावं लागतं. म्हणून नियम सोपा: हुद्दा ठाऊक असेल तर हुद्दा लिहावा, नसेल तर ‘समपदस्थ’, आणि समोर तसा हुद्दाच नसेल तर ‘तुमच्याकडे हे काम ज्यांच्याकडे असेल ते’.

ही तिसरी पायरी सांगलीत वारंवार लागते. सहकारी साखर कारखान्यात चेअरमन निवडून आलेले असतात आणि कारभार कार्यकारी संचालक चालवतात. खाजगी कारखान्यात तेच काम जनरल मॅनेजर करत असेल. कार्यकारी संचालकांचा ऑपोजिट नंबर तिथं जनरल मॅनेजर, आणि मराठीत ‘समपदस्थ’ लिहिलं तर पद सारखं नसल्यानं शब्द लंगडा पडतो. खरेदी-विक्रीत आणखी एक पेच. खरेदीप्रमुख बोलतो तो समोरच्या विक्रीप्रमुखाशी. काम उलटं, पायरी सारखी. इंग्रजीत यालाही सैलपणे ऑपोजिट नंबर म्हणतात. मराठीत दोघांचे हुद्दे लिहूनच सुटका होते.

हुद्द्याची गोष्ट निघालीच आहे तर कर्नाटकाच्या कागदांकडे वळायला हवं, कारण सांगली जिल्ह्याला ती गरज रोजची आहे. जत आणि मिरज हे तालुके सीमेवरचे. पाण्यावरून, जमिनीवरून, ऊस वाहतुकीवरून बेळगाव-विजापूरकडचे कागद येत-जात असतात, आणि त्यांत हुद्द्यांचा मोठा सापळा आहे. कर्नाटकात जिल्ह्याच्या प्रमुखाला इंग्रजीत ‘डेप्युटी कमिशनर’ म्हणतात. शब्दाला शब्द ठेवून त्याचं मराठी ‘उपायुक्त’ होतं, आणि इथंच गाडी रुळावरून उतरते. महाराष्ट्रात उपायुक्त म्हटलं की बहुधा महापालिकेतला किंवा विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातला अधिकारी डोळ्यांसमोर येतो. सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांचे ऑपोजिट नंबर म्हणजे बेळगावचे डेप्युटी कमिशनर, आणि त्यांचं मराठी ‘जिल्हाधिकारी, बेळगाव’ असंच करायला हवं. तसंच तिकडचा ‘असिस्टंट कमिशनर’ हा उपविभागाचा प्रमुख, म्हणजे आपले प्रांत. त्याला ‘सहायक आयुक्त’ केलं तर इथल्या माणसाला समाजकल्याण किंवा जीएसटीची कचेरी आठवते. पुण्याच्या विभागीय आयुक्तांची जोड तिकडे बेळगावच्या ‘रीजनल कमिशनर’शी. तहसीलदार मात्र दोन्हीकडे तहसीलदार. पोलिसांतही जपावं लागतं. बेळगाव शहराला पोलीस आयुक्त आहेत आणि जिल्ह्याला पोलीस अधीक्षक. सांगलीच्या पोलीस अधीक्षकांचे समपदस्थ हे दुसरे, पहिले नव्हेत.

हे किती महत्त्वाचं आहे ते पावसाळ्यात कळतं. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगलीनं सोसले आहेत, आणि कृष्णेचं पाणी वाढलं की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गावरून दोन राज्यांच्या अभियंत्यांत आणि जिल्हाधिकाऱ्यांत निरोप जाऊ-येऊ लागतात. अशा निरोपाचं इंग्रजी पत्रक गावोगावच्या लोकांसाठी मराठी करताना ‘ऑपोजिट नंबर’चं ‘विरोधी अधिकारी’ झालं, तर दोन राज्यं भांडतायत असा अर्थ निघतो, जेव्हा मूळ वाक्यात ती एकमेकांशी बोलतायत. आकड्यांनाही हात लावायचा नसतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फुटांत सांगतात, ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. अलमट्टीची पातळी मीटरमध्ये, पूर्ण भरलेलं धरण ५१९.६० मीटर. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट. साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. उत्साही भाषांतरकार सगळं एका मापात आणायला जातो आणि मजकुरातले आकडे लोकांच्या ओळखीचे राहत नाहीत. ज्या दुकानात मापं जशीच्या तशी ठेवतात तिथं पूरपत्रक द्यावं.

‘ऑपोजिट नंबर’ची एक जुळी बहीण आहे, ‘काउंटरपार्ट’. अर्थ तोच, अमेरिकेत आणि आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहारात तीच जास्त चालते. ऑपोजिट नंबरला ब्रिटिश वळण आहे. पण करारात ‘काउंटरपार्ट’ला दुसरा अर्थ आहे आणि तो न कळल्यानं होणारी चूक महागात पडू शकते. कराराच्या शेवटी बहुधा एक कलम असतं, ‘धिस ॲग्रीमेंट मे बी एक्झिक्यूटेड इन काउंटरपार्ट्स’. त्याचा अर्थ, करारावर एकाच कागदावर सगळ्यांनी सह्या करायची गरज नाही. प्रत्येक पक्षानं वेगवेगळ्या प्रतींवर सह्या केल्या तरी सगळ्या मिळून एकच करार मानला जाईल. याचं ‘हा करार समकक्षांमध्ये अंमलात आणता येईल’ असं भाषांतर फोनही करतो आणि दुकानही करतं. वाचणाऱ्याला वाटतं, सारख्या दर्जाच्या कंपन्यांपुरताच करार आहे. बरोबर मराठी असं: ‘या करारावर पक्षांना स्वतंत्र प्रतींवर सह्या करता येतील, अशा सर्व प्रती मिळून एकच करार समजला जाईल.’ ‘काउंटरपार्टी’ म्हणजे करारातला दुसरा पक्ष. ‘काउंटरफॉइल’ म्हणजे पावतीपुस्तकात उरणारी स्थळप्रत. तिघांची गल्लत करणारा भाषांतरकार करारासाठी घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो.

ब्रिटिश राजकारणाच्या बातम्यांत आणखी एक छटा येते. तिथं विरोधी पक्षाचं छाया मंत्रिमंडळ असतं, आणि अर्थमंत्र्यांचा ‘ऑपोजिट नंबर’ म्हणजे विरोधी बाकांवरचा छाया अर्थमंत्री. तिथं विरोध खरोखरच आहे, पण तो पक्षातून आलेला, वाक्प्रचारातून नव्हे. व्यापारी पत्रात ही छटा येत नाही.

उलट दिशेनं, म्हणजे मराठीचं इंग्रजी करताना, हा वाक्प्रचार मोठ्या उपयोगाचा आहे आणि सांगलीतली दुकानं तो फारसा वापरत नाहीत. आपल्याकडे बोलायची रीत अशी: ‘आमच्या साहेबांचं तुमच्या साहेबांशी बोलणं झालंय.’ शब्दशः ‘अवर साहेब’ आणि ‘युअर साहेब’ केलं तर परदेशातल्या माणसाला काही बोध होत नाही. ‘युअर बॉस’ उद्धट वाटतं. इथं पहिल्या साहेबांचा हुद्दा लिहून दुसऱ्यासाठी ‘हिज काउंटरपार्ट’ किंवा ‘हिज ऑपोजिट नंबर’ म्हटलं की आदरही राहतो आणि पायरीही कळते. साहेब बाई असतील तर ‘हर’. मराठीतल्या ‘त्यांनी’, ‘त्यांचं’ अशा आदरार्थी रूपांत बाई की पुरुष ते लपून राहतं, इंग्रजीत लपत नाही, म्हणून भाषांतरकारानं हे आधी विचारायलाच हवं. खरेदीदार आखाती देशांतला किंवा जपानचा असेल, इंग्रजी त्याचीही परकी भाषा असेल, तर ‘काउंटरपार्ट’च वापरावं. ऑपोजिट नंबर पाहून तोही फोन नंबर शोधू लागेल. ‘समोरची पार्टी’चं ‘फ्रंट पार्टी’ करून देणारं दुकान निर्यातीच्या कामाला नको.

२०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा मालाच्या दर्ज्याबद्दलचा पत्रव्यवहार बहुधा प्रयोगशाळेतून प्रयोगशाळेकडे चालतो: ओलावा किती, करक्युमिन (हळदीतला पिवळा घटक) किती, कीडनाशकाचा अंश किती. तिथं गुणवत्ता तपासणाऱ्याचा निरोप विक्री विभागाकडे गेला तर उत्तराला वेळ लागतो, म्हणून हुद्दा अचूक हवा. निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करणारे एजंट फॉर्म बिनचूक भरतात, पण ते भाषांतरकार नव्हेत. त्यांच्याकडून पत्र लिहून घेऊ नये.

कोशांबद्दल थोडक्यात. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) थोर आहे, पण तो मराठीकडून इंग्रजीकडे जातो. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा, म्हणजे हा वाक्प्रचार रूढ होण्याच्या कितीतरी आधीचा. कामाचा आहे तो भाषा संचालनालयाचा पदनाम कोश. त्यात वाक्प्रचार शोधायचा नाही, हुद्दे शोधायचे. ‘सुपरिंटेंडिंग इंजिनिअर’चं अधीक्षक अभियंता आणि ‘एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर’चं कार्यकारी अभियंता हे एकदा पक्कं झालं की समपदस्थ कोण ते आपोआप ठरतं. ज्या दुकानाच्या टेबलावर किंवा संगणकावर हा कोश दिसतो ते दुकान निम्मी परीक्षा तिथंच उत्तीर्ण झालं असं समजावं.

काम देताना मजकुराबरोबर एक अर्धं पान जोडावं. त्यावर दोन रकाने: डावीकडे आपल्याकडची माणसं आणि त्यांचे हुद्दे, उजवीकडे समोरच्या संस्थेतली माणसं आणि त्यांचे हुद्दे, एकासमोर एक. जिथं जोडी नाही तिथं रेघ. इंग्रजीत छापलेली नावं मराठीत कशी लिहायची ते तिथंच लिहून द्यावं. तारखा महिन्याचं नाव घालून लिहाव्यात, कारण ०३/०४ हे इंग्लंडात तीन एप्रिल आणि अमेरिकेत चार मार्च. रकमांसाठी एक मिलियन म्हणजे दहा लाख आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी हे कागदावर लिहून द्यायला संकोच करू नये, चुका इथंच जास्त होतात. एवढं केलं की ऑपोजिट नंबरचा प्रश्न भाषांतरकारापुढं येतच नाही, तो आधीच सुटलेला असतो.

दर ठरवताना भाषांतर आणि टंकलेखन एकत्र की वेगळं ते आधी विचारावं. पानावर दर असेल तर पान म्हणजे किती शब्द तेही. मोठ्या अक्षरात आणि ऐसपैस ओळींत एका पानाची दोन पानं होतात. मजकूर युनिकोडमध्ये मागावा. जुन्या ठशांच्या फॉन्टमध्ये केलेलं काम कागदावर सुरेख दिसतं, पण मेलनं पाठवलं की समोरच्या संगणकावर सगळा कचरा उमटतो, आणि मग सगळं पुन्हा टाइप करण्याचे पैसे पडतात. काम परत आल्यावर एकानं इंग्रजी मोठ्यानं वाचावं आणि दुसऱ्यानं मराठीवर बोट ठेवावं. आकडे, नावं, हुद्दे, एवढंच बघायचं. दहा पानांना अर्धा तास पुरतो.

घरून काम करणाऱ्यांबद्दल. इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसांकडे वाक्प्रचार बिनचूक निघतो. चाचणीतलं जयपूरचं वाक्य ते पहिल्या झटक्यात बरोबर करतात. त्यांची अडचण दुसरीकडे आहे. मराठी फार जड होतं. ‘समपदस्थ’ पाहिजे तिथं ‘तत्सम पदाधिष्ठित’ येतं, आणि अडत्याला किंवा शेतकऱ्याला जाणारं पत्र त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. पत्र कोण वाचणार ते आधी सांगितलं तर बहुतेक जण भाषा खाली उतरवतात. वेळही जास्त लागतो. दुकानात संध्याकाळी मिळणाऱ्या कामाला इथं दोन-तीन दिवस धरावेत. करार आणि परदेशी पत्रव्यवहार यांच्याकडे, खरेदीखत आणि प्रतिज्ञापत्र दुकानाकडे, ही विभागणी पाळली की दोघांचंही चांगलं तेवढं पदरात पडतं.

कन्नड कागद असेल तर मात्र इंग्रजीच्या वाटेनं जाऊच नये. कन्नडचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी अशा दोन उड्यांत ‘जिल्लाधिकारी’चे डेप्युटी कमिशनर होतात आणि डेप्युटी कमिशनरचे उपायुक्त. मूळ कागदावर जिल्हाधिकारीच लिहिलेलं असतं! जत आणि मिरज भागात दोन्ही भाषा घरच्या असलेले लोक आहेत. त्यांच्याकडून सरळ कन्नडचं मराठी करून घ्यावं, आणि दाखला लागणार असेल तर तेवढ्यापुरतं विजयनगरला जावं.